पाण्यातला हात

२१ एप्रिल

लिहायचं लिहायचं म्हणत ही वही पंधरवडाभर उशाशी पडून आहे. पहिल्या पानावर घोरपडीसारख्या इग्वानाचं चित्र काढायला घेतलं, तेही शेपटीपाशी सोडून दिलं. माझं सगळं असंच. शाळाही शेपटीपाशीच सोडली.

पण आता टाळून चालणार नाही. फाउस्ता मावशी मेरिदा शहरातल्या इस्पितळात खुब्यात सळई घालून पडलीय आणि तिच्या परसातल्या मधमाश्या माझ्या गळ्यात आल्यात. ती फोनवर एकेक गोष्ट सांगते, मी फोन ठेवला की विसरतो. म्हणून वही.

मी खरं तर दोन रात्रींचा पाहुणा. होल्बोश बेटावर एका बोटीवर काम ठरलंय. मे सरता सरता तिथं बोटीएवढे शार्क वर येतात, अगदी गरीब, तोंड उघडून पोहत राहतात, आणि पर्यटक त्यांच्याशेजारी उड्या मारतात. मला ते बघायचंच आहे. जाता जाता मावशीला भेटावं म्हणून आलो, तर ती माझ्यादेखत स्टुलावरून पडली. माश्यांच्या छपरावरची झावळी नीट करत होती. पडल्यावर पहिलं वाक्य काय, तर "ओंडक्याला धक्का नाही ना लागला?"

सात ओंडके आहेत. आतून पोकळ, एकावर एक रचलेले, दोन्ही तोंडांना लाकडी झाकणं बसवून मातीनं लिंपलेले. मधोमध एक भोक, एका माशीपुरतं. त्यात कायम एका पहारेकरणीचं डोकं. ह्या माश्या डंख मारत नाहीत. आमच्याकडे त्यांना बाईसाहेब म्हणतात. घर लुटलं गेलं तरी त्या सोडून जात नाहीत, कारण म्हाताऱ्या राणीला उडताच येत नाही.

मावशीनं सांगितलेलं: दगडी डोणीत रोज ताजं पाणी. झाकणांची माती उन्हानं तडकली की लगेच लिंपायची. मेलेली माशी पानात गुंडाळून पुरायची. त्यांच्यासमोर भांडायचं नाही.

हे सगळं ती माया भाषेत सांगते. मला कळतं, पण बोललो की ती हसते. आमच्या भाषेत दोन 'क' आहेत. एक साधा आणि एक घशात अडकून टचकन फुटणारा. कान्कूनमध्ये हॉटेलांची भांडी घासता घासता माझा दुसरा 'क' वाहून गेला. मावशी म्हणते, "भिंगऱ्या, तुझी जीभ शहरात गहाण पडलीय."

२३ एप्रिल, गुरुवार

नोव्हेंबरपासून थेंब नाही. डोंगराकडेच्या ह्या भागात विहिरी इतक्या खोल की बादली वर येईतो माणूस म्हातारा होईल. सगळी भिस्त गावाच्या पंपावर, आणि पंप जळालाय. टँकर येतो, घरामागे दोन पिंपं.

रांगेत देल्मी माझ्या मागे होती. कोपऱ्यावर तिचं दुकान आहे, त्यामुळे सगळ्या गावावर तिचा हक्क.

"एकटा जीव तू, दोन पिंपं कुणाला पाजतोस रे नेफ्ताली?"

"माश्यांना."

"ऐका! माझी सासू केस धुवायला मिळेना म्हणून रडतेय, आणि ह्याच्या माश्यांना तळं!"

"सासूला पाठव. डोणीत बसवतो."

रांग हसली. देल्मी नाही हसली. "चेष्टा सोड. उद्या टँकर आला नाही तर तुझी ती डोणी आम्ही उपसून नेऊ. फाउस्ताच्या तोंडावर सांगेन मी." तिच्या कडेवरची घागर रिकामीच होती. तिची पाळी येण्याआधी टँकर संपला. मी माझ्यातली अर्धी बादली दिली, तेव्हा तिनं ती थेट घागरीत ओतून घेतली.

कुंपणापलीकडचा फिदेन्सिओ म्हातारा रांगेत नव्हता. सगळे त्याला ताता म्हणतात. तो पंपाचा भाग आणायला ट्रक घेऊन मेरिदाला गेलाय. नवा सदरा घालून गेला, म्हणे.

मावशी त्याच्याशी बोलत नाही. त्यानं डंख मारणाऱ्या परक्या माश्यांच्या पेट्या आणल्या तेव्हापासून. त्या आल्या आणि फुलं वाटली गेली. मावशीचे ओंडके तेव्हा पुष्कळ होते, त्यांतले हे सात उरले. आईला विचारलं तर म्हणते, "हे सात गेले तर तुझी मावशीही जाईल, एवढं लक्षात ठेव."

२६ एप्रिल

डोणीवर गर्दी वाढतेय. सकाळी गांधीलमाश्या, मग फुलपाखरं, दुपारी एक बेडूक चक्क मान टेकून निजतो. आज इग्वाना भिंतीवरून उतरला आणि पाणी प्यायला. डोळे मिटून प्यायला. मी ते बघत राहिलो आणि चुलीवरचे काळे घेवडे करपले.

तोह पक्षीही येतो. शेपटीची दोन लांब पिसं लंबकासारखी हलवत फांदीवर बसतो, पण मी असलो की खाली उतरत नाही. मी आत जातो आणि दाराच्या फटीतून बघतो. स्वतःच्याच घरात चोर.

पण माश्या बुडताहेत. डोणीचे काठ उभे नि गुळगुळीत. बाईसाहेब कडेवर बसतात, पाय सुटतो, संपलं. आज ओंजळभर निघाल्या. पान मिळेना, सगळी झाडं उघडी. शेवटी केळीच्या वाळक्या पानाचे तुकडे करून पुरल्या.

ताता मेरिदाहून परतलाय. भाग मिळाला नाही म्हणाला, पुन्हा जावं लागेल. कुंपणावरून विचारत होता, "परसात सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "इस्पितळात पपई देतात. ती खात नाही, शेजारणीला देते." त्याला कसं ठाऊक? बायका सांगत असतील.

२७ एप्रिल

फोन आला. परिचारिकेच्या मोबाइलवरून, मागे ट्रॉल्यांचा खडखडाट, दर दोन शब्दांनी आवाज तुटणारा.

"मावशी, माश्या डोणीत बुडताहेत. काय करू?"

"अरे मग त्यात कब टाक की!"

"काय टाकू?"

"कब, कब! एवढंही सांगायला लागतं का?" आणि फोन गेला.

कब म्हणजे माशी आणि कब म्हणजे मधही. बुडणाऱ्या माश्यांत आणखी माशी टाक असं ती म्हणणार नाही. म्हणजे मध. पण मधानं बुडणारी माशी वाचते कशी? अंगात ताकद येऊन पोहत असेल. पुन्हा फोन करून विचारावं असं वाटलं. पण मग शहर, जीभ, गहाण, सगळं ऐकावं लागलं असतं. नाही विचारलं.

कपाटात तिची शेवटची बाटली होती. ह्या माश्यांचा मध पातळ, आंबटसर. डोळ्यांत घालायला, बाळंतिणीला द्यायला ती जपून ठेवते. अर्धी बाटली ओतली. ओतताना दोनदा थांबलो. पण तिनंच सांगितलंय.

२९ एप्रिल

मावशीला सगळं ठाऊक असतं! डोणी नुसती गुणगुणतेय. सकाळपासून इतक्या माश्या की पाणी दिसत नाही. आपल्या आहेतच, शिवाय तपकिरी पट्ट्यांच्या मोठ्या, ताताच्या पेट्यांमधल्या, थव्यानं येताहेत. बुडतात काही, पण हजारांत काही बुडणारच. त्याही तहानलेल्या आहेत, पिऊ देत. पाणी कुणाच्या बापाचं नसतं.

गोडवा कमी झाला असेल म्हणून उरलेली बाटलीही ओतली.

इग्वाना मात्र आज आला नाही. बेडूकही नाही.

१ मे

काहीतरी बिघडलंय. मोठ्या माश्या डोणीवरून उठतात आणि ओंडक्यांभोवती फिरतात. भोकाशी येतात, पहारेकरीण डोकं आत घेत नाही, त्या तिला ओढतात. मघाशी एकीला ओढून काढलं. लगेच दुसरीनं तिथं डोकं लावलं.

खालच्या दोन ओंडक्यांच्या झाकणांची माती तडकलीय. बोट जाईल एवढ्या फटी. मला लिंपायचं सांगितलं होतं. मी इग्वाना बघत होतो.

२ मे

सकाळी गेलो तर खालचे दोन ओंडके काळे दिसत होते. माश्याच माश्या, फटींतून आत-बाहेर. माती कालवून घेऊन गेलो, तर माझ्यावरच तुटून पडल्या. एक डोळा बंद झालाय. मान, कान, हात, कुठं कुठं चावल्या ते मोजवत नाही. खुंट्याला बांधलेली मावशीची टर्की सोडवायला गेलो तोवर ती आडवी झाली होती.

घरात दार लावून बसलोय. बाहेर आवाज चालूच आहे. त्या सात ओंडक्यांना दार लावून बसता येत नाही.

३ मे

आज सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी ऊन चढायच्या आत कुंपणाशी जाऊन ओरडलो, "ताता! तुमच्या माश्या आवरा! मावशीचं घर लुटताहेत!"

ताता जाळीची टोपी शिवत बसला होता. "माश्या म्हणजे बकऱ्या आहेत का, दोर ओढून आवरायला?" मग त्यानं माझं तोंड पाहिलं आणि उठला. कुंपण म्हणजे नुसते रचलेले दगड, कमरेएवढे. पण तिथं येऊन तो थबकला. मला वाटलं, गुडघा दुखतोय. मग एक पाय अलीकडे टाकला, आणि दुसरा.

आधी तो ओंडक्यांशी गेला नाही. डोणीशी गेला. बोट बुडवलं, चाटलं.

"हे काय आहे?"

"मध."

"पाण्यात? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ह्या दुष्काळात परसात मध उघडा ठेवतोस? सगळ्या रानाला जेवणाचं बोलावणं धाडलंस! ती हरामखोरं एकदा चवीला लागली की मूळ घर शोधत येतात."

"मावशीनंच सांगितलं. माश्या बुडतात म्हटलं, तर म्हणाली, कब टाक."

त्यानं बोट पुसलं. मग हळूच म्हणाला, "परत म्हण. कसं म्हणाली?"

"कब."

त्यानं स्वतःचा हात माझ्या नाकासमोर धरला. जाड, भेगाळलेला, पाच बोटं फाकलेली. "ह्याला काय म्हणतात?"

"क..." मी म्हणालो आणि तिथंच थांबलो. घशात तो दुसरा 'क' अडकला, फुटणारा.

"क'ब," तो म्हणाला. "हात. आणि झाडाचा हात म्हणजे?"

"फांदी."

"फांदी टाक म्हणाली रे गाढवा! माशीला पाय टेकायला फांदी! सगळं गाव टाकतं!"

मी खाली बसलो. एक उचकीएवढा आवाज. तेवढ्यासाठी.

"मोठ्यानं बोलू नका," एवढंच सुचलं मला. "त्यांच्यासमोर भांडायचं नाही, मावशी म्हणते."

"अजून म्हणते?" ताता विचित्र हसला. "माझ्याशी भांडली ती ह्याच जागी, ह्यांच्याच समोर. ऊठ. शिव्या नंतर देतो. आधी साबण आण."

डोणी उलटी केली, साबणानं घासली, चुना फासला. पोती भिजवून सगळ्या ओंडक्यांवर टाकली. प्यायचं पाणी होतं ते, एक अख्खं पिंप. मग तातानं माती कालवली आणि फटी बुजवल्या. जाळीची टोपी त्यानं मला घातली. स्वतः तसाच. चावत होत्या त्याला, पण तो वरच्या ओंडक्यावर तळवा ठेवून बोलत होता, माझ्याशी नाही.

"हा माझ्या बापाचा," मग म्हणाला. "मी दिला होता तिला." कशाबद्दल दिला ते विचारायचं राहिलं. कान सुजल्यानं मला नीट ऐकूही येत नव्हतं.

४ मे

संध्याकाळी ताताच्या पेट्या हलवल्या. माश्या परतल्या की दारं बंद करून ट्रकमध्ये चढवल्या आणि डोंगरापलीकडच्या जळक्या शेतात नेऊन ठेवल्या. तिथं फूल नाही, सावली नाही. अर्ध्या तरी मरतील. मी म्हटलं, "ताता, वर्षाचा मध जाईल तुमचा."

"जाऊ दे."

"पण का?"

माझ्याकडे त्यानं इतका वेळ पाहिलं की मलाच लाज वाटली. "पेटी धर सरळ," म्हणाला.

तिथं जुना बाथटब ठेवून त्यात पाणी ओतलं. फांद्या मी टाकल्या, न सांगता.

८ मे

पंप परवाच सुरू झाला. टँकरबरोबर आलेल्या मेकॅनिकनं कुठलीशी तार जोडली, भाग लागलाच नाही. तरी काल गुरुवारी ताता मेरिदाला गेलाच. नवा सदरा. देल्मीला विचारलं तर ती सासूकडे बघून हसली, सासू छताकडे.

डोणीत आता दोन मोठ्या फांद्या आहेत, पाण्यात आडव्या, वर सालीसकट. माश्या रांगेनं उतरतात, पाणी घेतात, उठतात. एकही बुडलेली नाही. बेडूक परत आला. तोह आज मी समोर असताना खाली उतरला.

पण ओंडके. वरच्या पाचांच्या भोकांत डोकी आहेत. एकात पहारा अगदी उशिरा येतो. खालचे दोन गप्प. कान लावला, टिचकी मारली. काही नाही. झाकण काढायची हिंमत होत नाही. खाली जमिनीवर पडलेल्या सगळ्या गोळा केल्या, मूठमूठभर पानांत बांधल्या. देल्मीनं केळीची हिरवी पानं आणून दिली, तामाले गुंडाळून वाफवायला ठेवलेली. सासूही आली, धुतलेले केस मोकळे सोडून. तिघांनी मिळून पुरल्या. कुणी चेष्टा केली नाही.

१३ मे

फोन. मावशीला शनिवारी सोडणार. आवाज ताजा होता.

"माझ्या बाईसाहेब कशा आहेत?"

"ठीक आहेत."

"सातही?"

"आवाज तुटतोय, मावशी." तुटत नव्हता.

"नेफ," ती म्हणाली, "तुझ्या जिवावर टाकून आले म्हणून झोप लागली मला इथं. नाहीतर मरते." आणि ठेवला.

ताताला म्हटलं, तुम्हीच सांगा तिला, मी होल्बोशला निघतो. तिकडून निरोप आलाय, उद्यापर्यंत आलो नाही तर दुसरा माणूस घेतील. ताता म्हणाला, "माझ्या तोंडून तिनं काय काय ऐकायचं? तुझं तू सांग." म्हटलं, तुमच्याशी ती बोलत नाही, म्हणजे तुम्हीही सांगू शकणार नाही, अडलंच सगळं. त्यावर तो कानाची पाळी खाजवत राहिला.

शनिवारच्या आधी मी इथून गेलेलो असलेलं बरं. तिनं फटी बघाव्यात, रिकामी बाटली बघावी, आणि मी तिथं नसावं. भेकडपणा आहे. आहे तर आहे.

१४ मे, गुरुवार

पिशवी भरली. गाडी दुपारी चौकातून सुटते. दाराशी पिशवीवर बसून लिहितोय.

जायच्या आधी डोणी भरायला गेलो. खालचा गप्प ओंडका एकदा उघडून बघावाच म्हटलं. झाकण ठोकून काढलं. आत मेणाचे फाटके थर, मुंग्या, आणि सगळ्यांत आत एका कोपऱ्यात मेलेल्या माश्यांचा गोळा. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. बोटानं उकलत गेलो. मधोमध राणी, फुगीर पोटाची. तिच्याभोवती जमून मेल्या होत्या. एकही सुटून गेली नव्हती.

तिला वेगळ्या पानात पुरलं. दुसरा ओंडका उघडला नाही. तो मावशीनं उघडावा, मी शेजारी उभा असताना. असं कधी ठरलं मला ठाऊक नाही, पण पान गुंडाळताना ठरलेलं होतं. होल्बोशला दुसरा माणूस घेऊ देत. शार्क पुढच्या वर्षीही तोंड उघडून येतीलच.

शनिवारी ती आली की दारातच सांगायचं. आधी दोन ओंडके, मग बाटली, मग टर्की. तेव्हापासून ओंडक्यांसमोर उभा राहून सराव करत होतो. तो 'क'ही. क'ब. क'ब. एकदा बरा फुटला, तर वरची पहारेकरीण दचकली.

चौकात गाडीनं भोंगा दिला. गेली.

आता दुसरा भोंगा, हा ताताच्या ट्रकचा. आज गुरुवार, म्हणजे तो मेरिदाहून परत आला. एवढ्या लवकर? ट्रक त्याच्या दाराशी थांबला नाही, आमच्या दाराशी थांबला. आत कुणीतरी ताताला फाडफाड बोलतंय, की खड्डे काय शोधून शोधून घेत होतास का, माझा खुबा आहे, तुझी मधाची पेटी नाही. आणि ताता मान खाली घालून हसतोय, त्या नव्या सदऱ्यात.

फाउस्ता मावशी आलीय! शनिवार नाही, आज. ताताशेजारी पुढच्या सीटवर बसून, कुबडी खिडकीतून बाहेर काढून. उतरता येत नाहीये तिला. माझ्याकडे बघून ओरडतेय: "क'ब! अरे क'ब दे, भिंगऱ्या!"

या वेळी बरोबर ऐकू आलं. हात मागतेय. जातो.